उमेदवारी की वेठ?

परीक्षा आटोपल्या की वाणिज्य वा व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यापुढे दोन महिन्यांच्या ‘इंटर्नशिप’चे पत्र येते. विमा वा गुंतवणूक योजना विकावयाच्या, विद्यावेतन नाही, विक्री झालीच तर तीवर कमिशन. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर अशा अनुभवाला श्रेयांक मिळू लागल्याने नकार देणेही सोपे उरलेले नाही.

हा व्यवहार नवा भासला तरी त्याचे अर्थशास्त्र जुने आहे. १८६७ साली मार्क्सने ‘भांडवला’च्या पहिल्या खंडात अंगावरच्या कामाच्या मजुरीचे स्वतंत्र विवेचन केले. या पद्धतीत मजूर स्वतःच स्वतःचा मुकादम बनतो. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते ती याच तत्त्वावर. कमिशन त्याहून एक पाऊल पुढे जाते. विडी वळली की मजुरीचा हक्क निर्माण होतो. विक्रेत्याने दिवसभर पायपीट केली आणि गिऱ्हाईक वळले नाही, तर श्रम झाले, मोबदला शून्य. ज्या जोखमीच्या नावाने भांडवलदार नफ्याचे समर्थन करतो, तीच येथे विद्यार्थ्याच्या माथी येते. शिवाय पहिली गिऱ्हाइके ठरतात ती त्याचे काका-मामा. श्रमांबरोबर आप्तांचा विश्वासही कंपनीला फुकट मिळतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने अंगावरच्या कामालाही खात्रीच्या किमान मजुरीचे संरक्षण दिले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने नोंदणीकृत करार व विद्यावेतन बंधनकारक केले. परंतु ‘इंटर्न’ म्हटले की तो ना कामगार, ना शिकाऊ उमेदवार, असा पवित्रा मालकाला घेता येतो. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवरील काम हे घटनेच्या २३ व्या कलमातील सक्तीचे श्रम ठरविले आणि आर्थिक निकड हीदेखील सक्तीच मानली. त्या निर्णयाचे मर्म या पांढरपेशा वेठीलाही लागू पडावयास हवे.

तथापि सरसकट ‘नको’ म्हणणेही न्याय्य नाही. विक्रीचे काम हलके नव्हे. परक्या माणसाची गरज ओळखणे हे खरे शिक्षण आहे. ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत, त्या गिरणी कामगाराच्या नातवाला हेच एक दार उघडे असू शकते. घरची ददात नसलेला मुलगा दोन महिने फुकट राबू शकतो. दुसऱ्याला त्यासाठी कर्ज काढावे लागते. एकाच पत्राचा अर्थ वर्गागणिक असा बदलतो.

म्हणून निर्णयापूर्वी काही प्रश्न लेखी विचारलेच पाहिजेत. प्रवासखर्च कोणाचा? गिऱ्हाइकाने पुढे करार मोडला तर दिलेले कमिशन परत घेणार काय? शिकविणार कोण, किती तास? प्रवेशशुल्क वा अनामत मागितली जात असेल, तर तेथेच पाठ फिरवावी. किमान प्रवास व जेवणाचा खर्चही जेथे हमखास सुटत नाही, तेथे अनुभव नव्हे, उधारी पदरी पडते.

पण एकट्याचा नकार मालकाला जाणवत नाही. त्याच्या जागी दुसरा गरजू उभाच असतो. विद्यावेतनाविना इंटर्नशिपला श्रेयांक नाहीत, ही मागणी विद्यापीठांच्या अधिसभांत गेली पाहिजे. कार्यकर्त्यांनी महाविद्यालयांच्या दारी जाऊन ही पत्रे गोळा करावीत, त्यांतील अटी चव्हाट्यावर मांडाव्यात. तरुणाने पत्रावर सही करावी वा न करावी, हा निवाडा त्याचा. मात्र तो निवाडा भुकेने करून घेतलेला नसावा, ही जबाबदारी चळवळीची आहे.