परसबागेची मशागत : यंत्र की कुदळ?

परसबाग लहान असते, आणि ती लहान असते हीच गोष्ट अवजार विकत घेताना पुष्कळदा विसरली जाते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जागा. त्यातून येण्याजाण्याची वाट, शेवगा, कढीपत्ता, मोरीच्या पाण्याचा पाट व केळीची दोन खुंटे वगळली, म्हणजे वाफ्यांखाली राहणारी जमीन त्याहूनही थोडी. एवढ्यासाठी सात अश्वशक्तीचे यंत्र घरी आणणाऱ्या शेतकऱ्याला ते वर्षातून चार-सहा वेळा, तेही तास-दोन तास लागते. एरवी यंत्र पडवीत गोणपाटाखाली उभे असते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

पॉवर टिलर भारतात आला तो १९६० नंतरच्या दशकात, जपानातून. भाताच्या खाचरांत, चिखलणीसाठी त्याची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु तीन-चारशे किलोंचे हे धूड परसात वळवावयाचे कोठे? कुंपणाजवळच्या पट्ट्यांत अखेर कुदळच चालवावी लागते.

अवजारापूर्वी जमीन पाहावयास हवी. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो फुटून विखुरला तर वाफसा आला असे समजावे. चपटा होऊन पडला तर थांबावे. काळी जमीन ओली असताना पाती फिरविली, तर ती माती भुसभुशीत करीत नाहीत, तिचे चिकट लगदे करतात, व हे लगदे वाळले की विटेसारखी ढेकळे होतात. एकाच खोलीवर वारंवार फिरणाऱ्या पात्यांखाली घट्ट थर बसतो आणि निचरा मंदावतो, ही दुसरी अडचण. कोकणातील जांभ्या, दगडगोट्यांच्या जमिनीत पाती अडकतात, वाकतात. तेथे टिकाव व पहार यांना पर्याय नाही.

ज्या परसात हरळी वा लव्हाळा आहे, तेथे तर यंत्र प्रथम आणूच नये. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना दोऱ्यांनी जोडलेल्या असतात. पाती हे दोरे तोडतात आणि सुटी झालेली गाठ स्वतंत्रपणे फुटू लागते. हरळीच्या तुकड्यांचेही तेच. मशागतीनंतर आठ-पंधरा दिवस वाफा स्वच्छ दिसतो, शेजारी कौतुक करतात, आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा दाट गवत उभे राहते. उन्हाळ्यात कुदळीने खोल खणून गाठी व काशा वेचणे व त्या कडक उन्हात वाळविणे, हे काम कंटाळवाणे खरे. पण ते एकदा नीट केले तर पुढील खुरपणी निम्म्याने हलकी होते.

एक-दोन गुंठ्यांना कुदळ, फावडे, दाताळे, खुरपे आणि ओळींतील कोळपणीसाठी सायकल कोळपे एवढा सरंजाम पुरेसा आहे. वाचलेला पैसा खतात घालावा. भाजीपाल्यास हेक्टरी वीस टन शेणखत धरले, तर गुंठ्याला सुमारे दोनशे किलो लागते. बहुतेक परसबागांत त्याच्या चौथाईही पडत नाही. माती मऊ राहते ती खताने. पात्यांनी केलेला मऊपणा दोन पावसांत बसून जातो.

पाच-सहा गुंठ्यांच्या पुढे, विक्रीसाठी भाजी करणाऱ्याने यंत्राचा विचार अवश्य करावा. चाके नसलेले, पात्यांच्याच बळावर पुढे सरकणारे हलके यंत्र आधी खणलेल्या मातीत व ओळींच्या मधून चांगले चालते. कडक जमिनीत ते उड्या मारते आणि चालविणाऱ्याचे खांदे भरून येतात. न मोडलेल्या जमिनीस चाकांवर चालणारे, मागे पाती असलेले यंत्र हवे. ते जड, महाग व वळविण्यास अधिक जागा मागणारे असते. म्हणून ते भाड्याने किंवा अवजार बँकेतून आणणे शहाणपणाचे.

केंद्र सरकारचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून लहान यंत्रेही अनुदानाच्या आवाक्यात आली, हे चांगलेच झाले. मात्र अनुदानाची यादी आधी उघडून मग शेतकऱ्याची गरज शोधणारा कार्यकर्ता त्याचे हित करीत नाही. यंत्र घरधन्याच्या नावावर येते आणि परसबाग पाहते ती घरातील बाई, हे तर गावोगाव दिसते. मुठी तिच्या उंचीला येतात काय, दोरी ओढून इंजिन तिला सुरू करता येते काय, हे विचारणारा विरळा. तिला ते झेपले नाही, तर मशागत पुन्हा घरधन्याच्या सवडीवर पडते आणि वाफसा निघून जातो.

यास्तव पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून यंत्र घरी मागवावे. वाफशावर, आपल्याच परसात, ते जिने वापरावयाचे तिने सुरू करावे, दोन तास काढावेत व कोपऱ्यात वळवून पाहावे. यंत्र मागे घेताना पाय पात्यांखाली सापडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून मूठ सोडताच पाती थांबतात की नाही, हे इंजिन चालू असताना, पाती जमिनीपासून उचलून व सर्वांना दूर उभे करून विक्रेत्यानेच दाखवावे. ती थांबत नसतील, तर ते यंत्र त्याच गाडीतून परत पाठवावे.