फावल्या वेळचे उद्योग : हुक कुठे बांधलाय?

गेल्या दिवाळी अंकात आपण आकाशकंदिलाचा सांगाडा बांधला होता. त्यावर एका गृहिणीने लिहिले, “आता असा उद्योग सांगा, की ज्याचा कचरा दिवाणखान्यात दिसणार नाही.” बाईंची आज्ञा शिरसावंद्य! यंदाच्या उद्योगाचा कचरा मुळीच दिसत नाही. पायाला टोचतो तेवढाच.

यंदा लष्करी क्रेनची प्रतिकृती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाकडे थॉर्निक्रॉफ्ट कंपनीचे ‘अ‍ॅमेझॉन’ नावाचे सहाचाकी ट्रक होते आणि त्यांच्या पाठीवर कोल्सची क्रेन बसवलेली असे. कोसळलेले विमान उचलून ‘क्वीन मेरी’ या लांबलचक ट्रेलरवर ठेवायचे, हे तिचे काम. गंमत अशी, की या क्रेनचे पेट्रोल इंजिन स्वतः दोरी ओढीत नसे. ते जनित्र फिरवी, आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारी दोरी ओढीत, बूम वरखाली करीत, सारी क्रेन गरकन् वळवीत.

या क्रेनचा प्लॅस्टिकचा संच माझ्या हाती आला तो १:७६ या प्रमाणाचा. म्हणजे साडेपाच फुटी शिपाई येथे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरचा! संच जोडायला दोन संध्याकाळी पुरतात. पण जोडून जे उभे राहते ते खेळणे असते, क्रेन नव्हे. याचे कारण साध्या हिशेबात आहे. साच्यातून निघालेली शिडीची दांडी एक मिलिमीटर जाड असली, तर खऱ्या मापात ती ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांची झाली. असली शिडी ट्रकला नव्हे, मांडवाला शोभते! तेव्हा अशा दांड्या पात्याने हळूच तासून काढाव्यात आणि जागी बारीक तार चिकटवावी. विजेच्या जुन्या लवचिक वायरचे आवरण सोलले, की आत तांब्याचे केसासारखे धागे मिळतात. टेबलावर ठेवून वरून पोलादी पट्टी फिरवली की ते सरळ होतात. त्याहून बारीक काही हवे असेल, तर भाग तोडून उरलेली प्लॅस्टिकची चौकट पणतीच्या ज्योतीच्या बरीच वर धरावी आणि मऊ पडताच दोन्ही हातांनी ताणावी. कोष्ट्याच्या सुतासारखा धागा निघतो. (हे काम मुलांनी एकट्याने करू नये. माझा अंगठा साक्षीला आहे.)

खरी परीक्षा दोरीची. सोळा मिलिमीटरचा पोलादी दोर आपल्या मापात जेमतेम ०.२ मिलिमीटर भरतो. शिवणाचा बारीक दोरा चालतो, पण त्याला लव असते; म्हणून तो मेणावरून दोनचारदा ओढून घ्यावा आणि मग शिसपेन्सिलीची पूड बोटाने चोळावी. पोलादाची झाक हुबेहूब येते. तरीही दोरा शेवईसारखा वाकडा लोंबतो, कारण प्लॅस्टिकच्या हुकाला वजनच नसते. मी गळाला लावतात त्या शिशाची एक बारीक गोळी हुकाच्या ठोकळ्यात दडवली. (शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.) दोरा ताठ झाला, आणि सांगतो, क्रेनमध्ये जीव आला! चाकांचा तळ काचकागदावर जरासा घासून चपटा केला, तेव्हा गाडी जमिनीवर ‘बसली’. मग दोन संध्याकाळी खर्चून मी दोरीवर, कप्प्यांवर, बूमच्या जाळीवर तांबूस गंज रंगवला. कॅबिनमध्ये ड्रायव्हर बसवला, चिखलाचा रस्ता केला आणि चालत्या गाडीचा देखावा फळीवर मांडला.

वसुबारसेला आमच्या हिचे मामा आले. मामा सैन्यात ईएमईमध्ये होते. बंद पडलेल्या, रुतलेल्या गाड्या ओढून काढण्यात त्यांची उमेद गेली आणि अखेरची वर्षे खडकीच्या वर्कशॉपमध्ये. आता डोळे अधू झालेत, बोलणेही कमी. मी भिंग हातात दिले. मामांनी फळी खिडकीशी नेली. मी शाबासकीची वाट पाहत चहा ढवळत बसलो.

“जावईबापू, गाडी चालू आहे ना?”

“हो. रस्त्यावर आहे.”

“मग हुक कुठे बांधलाय?”

हुक बांधलेला नव्हता. शिशाच्या गोळीसह तो ऐटीत लोंबत होता.

“बूम खाली घेऊन टेकवायची. हुक पुढे बंपरला नाहीतर चॅसीला अडकवायचा, दोर ताणून घ्यायचा. त्याशिवाय गाडी हलत नाही.” मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग भिंग न काढताच म्हणाले, “एकाहत्तर साली, डिसेंबरात, रात्री दिवे बंद ठेवून चाललो होतो. कुणीतरी घाईत हुक मोकळा सोडला. खड्ड्यात गाडी आपटली आणि ठोकळा झोक्यासारखा आला. आमचा एक पोरगा फुटबोर्डवर उभा होता. खांदा गेला त्याचा. वीस वर्षांचा होता.”

“हुक कुणी सोडला होता?” हिने विचारले.

मामांनी उत्तर दिले नाही. हिने चहाचा कप त्यांच्या हाताशी सरकवला आणि मी पुढे काही विचारले नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा फळी ओढली. “आणि हा लाल रंग कसला दोरीवर? गंज? आमच्या सेक्शनमध्ये दोरीला गंज दिसला असता तर रजा रद्द झाली असती! दोरीला ग्रीस लागते. फडका घेऊन सगळी दोर चाचपायची. तुटलेली तार असली की फडका अडकतो. उघड्या हाताने चाचपली तर हातात शिरते.” त्यांनी तळवा पुढे केला. आता तेथे काही दिसत नव्हते. “चिखल हवा तेवढा लावा. चाकांना, मडगार्डांना. बूम जिथे फिरते तिथे ग्रीस काळी पडू दे. पाय ठेवून ठेवून पायरीचा रंग उडू दे. आणि लाकडी ठोकळे कुठे आहेत? मऊ जमिनीत ठोकळ्याशिवाय उचलायला गेलात तर विमान राहील तिथेच, आणि क्रेन आडवी होईल.”

धनत्रयोदशीची सबंध दुपार आम्ही दोघे बसलो. टर्पेंटाइनने गंज पुसला, तेव्हा खालचा रंगही थोडा निघाला. आगपेटीच्या काड्यांचे ठोकळे कापून मागे रचले. हुकाला दोऱ्याचा फास मामांनी स्वतः घातला. बोटे थरथरत होती, चार वेळा सुटला. मी चिमटा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. पाचव्या वेळी बसला.

संध्याकाळी क्रेन फळीवर नव्हती. चिरंजीवांनी ती अंगणातल्या किल्ल्यावर नेली होती. हळिवाच्या जंगलातून ती महादरवाज्याकडे निघाली होती, आणि तिच्या दुप्पट उंचीचा मातीचा मावळा भाला रोखून तिची वाट अडवीत होता. मी ओरडणार होतो. पण मामा आधीच खाली वाकले होते.

“हुक सोडला नाहीस ना रे?”

“नाही आजोबा. गाडी चालू आहे.”