सात गिअर, दोन स्प्रिंगा आणि अर्धा दात

गेल्या शनिवारी विंझरला ताईकडे गेलो होतो. भाच्याचा वरच्या ओळीतला पुढचा दात अर्धा तुटलाय. दुधाचा नाही, कायमचा. आणि ज्या सायकलीने तो तोडला ती मीच घेऊन दिलेली आहे. दिवाळीला, साडेतेरा हजार मोजून. तेव्हा आज जरा चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

विंझर माहीत नसेल त्यांच्यासाठी: पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं आणि नसरापूर, आंबवणे, मार्गासनी करत वेल्ह्याकडे निघायचं, की वाटेत लागतं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालंय. राजगड-तोरण्याला जाणारे ट्रेकर लोक हे गाव गाडीच्या काचेतून बघतात, तेवढीच त्याची प्रसिद्धी. पावसाळ्यात नुसता कोसळतो. रस्ता खालीवर, आणि ताईच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत मातीची वाट, तीही चढाची. म्हणजे 'माउंटन बाईक' या शब्दाला कुठे अर्थ असेल तर तो इथे असायला हवा. मीही हाच विचार केला होता. इंजिनिअर ना!

दुकानात गेलो तेव्हा सेल्समनने जे ऐकवलं ते मला अजून पाठ आहे. पुढे सस्पेन्शन, मागे सस्पेन्शन, पुढे-मागे डिस्क ब्रेक, सात गिअर, जाड टायर. आमच्या धंद्यात क्लायंटला दाखवायला एक फीचर लिस्ट करतात, तिच्यात जितक्या जास्त खुणा तितकं प्रॉडक्ट भारी. ती लिस्ट किती फसवी असते हे मला रोज ऑफिसात दिसतं. तरीपण मी तीच लिस्ट बघून सायकल उचलली. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा असला की असंच होतं. मी एकदा दुकानात बघितली, पोरगं रोज चढावर ओढतंय.

या वेळी ती सायकल दाजींच्या भाताच्या काट्यावर ठेवली. १५.४ किलो. मग भाच्याला उभा केला. २३ किलो. म्हणजे सायकल त्याच्या वजनाच्या दोन तृतीयांश! मी ७२ किलोचा आहे. त्या हिशोबाने मला ४८ किलोची सायकल दिली पाहिजे आणि सांगितलं पाहिजे, जा बाबा सिंहगड चढून ये. ऑफिसातले सायकलवाले मित्र शंभर ग्रॅम वाचवायला पगार उडवतात आणि त्यांचीच पोरं सोसायटीत पंधरा-सोळा किलोचं लोखंड हाकतात. कुणालाच काही वाटत नाही, कारण "लहान मुलांची सायकल" म्हणजे आपल्या डोक्यात खेळणं असतं.

हलकी बनतच नाही असं कुणी सांगू नका. इंग्लंडमध्ये आयला राउनट्री नावाच्या बाईने २००६ साली आयलाबाईक्स काढली, फक्त याच एका रागातून की मुलांच्या सायकली म्हणजे मोठ्यांच्या सायकलींची जड आणि भिकार नक्कल असते. तिची २० इंची सायकल आठ किलोच्या आसपास होती. (२०२३ मध्ये तिने सायकली बनवणं थांबवलं, हे वाचून वाईट वाटलं होतं.) ऑस्ट्रियाची वूम कंपनीही तेच करते. त्या सायकली महाग आहेत, आपल्याकडच्या बापाने घ्याव्यात असं अजिबात म्हणत नाहीये. पण त्यांनी वजन कसं कमी केलं ते बघा. पहिलं काम काय, तर स्प्रिंगा काढून टाकल्या. त्याला कुठे जास्तीचा पैसा लागतो? उलट वाचतो.

ही स्प्रिंगांची गंमत ऐका. स्प्रिंग दबायला वजन लागतं. मी भाच्याच्या सायकलीवर बसलो की मागची स्प्रिंग छान दबते. तो बसला की ढिम्म हलत नाही. पुढच्या चिमट्याचंही तेच. दुकानात आम्ही मोठी माणसं हँडल दाबून बघतो, "वा, काय जंपिंग आहे!" म्हणतो आणि पैसे देतो. पोराच्या वाट्याला त्यातलं फक्त वजन येतं. आणि दबलीच, तर चढावर उभं राहून पायडल मारताना. म्हणजे त्याची ताकद चाकाऐवजी स्प्रिंगेत जिरते.

आता गिअर. इथे जरा आकडेमोड आहे, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

२० इंची चाक एका फेरीत साधारण १.६ मीटर जातं. या सायकलीला पुढे ४२ दाते, मागे १४ ते २८. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पायडलची एक फेरी मारली की चाकाच्या दीड फेऱ्या, २.४ मीटर. बिनागिअरच्या साध्या सायकलीला पुढे ३६, मागे १८ असतील तर ३.२ मीटर. फरक आहे, नाही असं नाही. पण २३ किलोच्या पोराने १५ किलो आणि दप्तर चढवायचं तर हा फरक पुरत नाही. तेच पुढे ३२ आणि मागे ३४ दिले असते तर एका फेरीला दीड मीटर, आणि तो बसल्या बसल्या चढला असता. सातच गिअर, तोच खर्च, फक्त दाते मोजायची तसदी घ्यायची होती! पण ४२ दात्यांचं मोठं चाक भारी दिसतं ना. क्रँकही मोजला, १५ सेंटिमीटर. मुलाच्या उंचीच्या साधारण एक दशांश क्रँक असावा असा ढोबळ नियम आहे. भाचा १२४ सेंटिमीटर. दर फेरीला त्याचा गुडघा छातीला भेटायला येतो.

बरं, हे गिअर बदलायचे कसे? मूठ पिळून. केबल नवी असताना ठीक. विंझरचा एक पावसाळा खाल्लेल्या, गंजलेल्या केबलवर ती मूठ मलाच दोन्ही हातांनी पिळावी लागली.

आणि मुख्य घोटाळा म्हणजे डिरेलर. २० इंची चाक छोटं, त्यामुळे डिरेलर जमिनीपासून वीतभरही वर राहत नाही. भातखाचराच्या कडेने जा, चिखल त्यात. दगडाला घास, तो आत वाकतो. वाकलेला डिरेलर बाकी सगळ्या गिअरला गुपचूप चालतो आणि सगळ्यात हलका गिअर टाकला की चाकाच्या तारांत शिरतो. म्हणजे ऐन चढावर. भाच्याचं नेमकं तेच झालं, जुलैत. गाव सोडून पुढच्या एका मेकॅनिककडे दाजी घेऊन गेले. सुटा भाग मिळेना, तेव्हा त्याने जे शक्य होतं ते केलं: डिरेलर काढला, चेन तोडून छोटी केली आणि मधल्या एका चकतीवर बसवून दिली. झाली सिंगल स्पीड. त्याला मी दोष देत नाही, मी तरी दुसरं काय केलं असतं? पण साध्या सायकलीत मागच्या चाकाचा आस आडव्या खाचेत बसतो, चाक मागे ओढून चेन ताणता येते. या सायकलीत खाच उभी, चेन ताणायला जागाच नाही. वर चकतीचे दाते गिअर सहज बदलावेत म्हणून मुद्दाम कापलेले. ढिली चेन आणि असले दाते. चढावर पोरगं उभं राहून जोर लावत होतं, चेन निसटली, पाय खाली गेला आणि तोंड हँडलच्या बोल्टवर.

"मामाला सांगू नको, त्याला वाईट वाटंल," असं तो ताईला म्हणाला होता. महिनाभर मला कुणी सांगितलं नाही.

डिस्क ब्रेकबद्दल मात्र मला दोन्ही बाजू दिसतात. चिखलात आणि पावसात चांगला डिस्क ब्रेक रिमच्या ब्रेकपेक्षा सरसच, आणि क्रोमची लोखंडी रिम ओली झाली की साधा रबरी ब्रेक जवळजवळ नावापुरता उरतो. पण इथे 'चांगला' हा शब्द महत्त्वाचा. या सायकलीत एकाच बाजूचं पॅड हलतं, झिजलं की पाना घेऊन जवळ आणावं लागतं, आणि ते पॅड नसरापूरपर्यंत मला कुठे मिळालं नाही. रबरी ब्रेकचे गुटके कुठल्याही सायकल दुकानात मिळतात. ॲल्युमिनियमची रिम आणि बरे गुटके एवढंच पुरलं असतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ब्रेकची लिव्हर त्याच्या बोटांना नीट पोचतच नव्हती. लिव्हरच्या बुडाशी एक बारका स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर मुठीजवळ येते. दोन मिनिटांचं काम! दुकानदाराने केलं नाही, आणि दिवाळीत सायकलीचा फोटो काढायच्या नादात मीही केलं नाही.

एक गोष्ट चांगली निघाली, सांगून टाकतो. ट्यूबचा वॉल्व मोटरसायकलसारखा आहे, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. संपली स्तुती.

आणि एवढी फीचरं देऊन सायकलीला मडगार्ड नाही. कॅरिअर नाही. चेनकव्हर नाही. विंझरच्या पावसात! पोरगं शाळेत पोचतं ते पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन, आणि सगळं दप्तर खांद्यावर.

लोक म्हणतील, पोरांनाच तसली हवी असते. हवी असते की! मलाही त्या वयात विमान हवं होतं. दुसरं म्हणतील, डोंगराळ भागात माउंटन बाईकच लागते. तर मग माउंटन बाईकचा जन्म बघा. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत, फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली 'रिपॅक' शर्यत झाली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली मंडळी. त्यांच्या सायकली म्हणजे कित्येक दशकं जुन्या, जाड टायरच्या, स्प्रिंग नसलेल्या श्विन. पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, खाली पोचल्यावर परत भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. १९८१ ची स्टम्पजंपर, म्हणजे मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली माउंटन बाईक, तिलाही सस्पेन्शन नव्हतं. आमच्या या सायकलीच्या माहितीपत्रकात मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, कच्च्या रस्त्यावर चालवू नये! जपानी लोक निदान प्रामाणिक आहेत, असल्या सायकलीला ते 'रुक्कु-शा' म्हणतात, म्हणजे नुसती दिसायला तशी.

२००६ साली बिहार सरकारने नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, दोन हजार रुपये. त्यात कसले गिअर येणार? कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी पुढे अभ्यास केला, तर मुलींची शाळेतली संख्या वाढलेली, आणि जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब तिथे सगळ्यात जास्त. साध्या काळ्या सायकलींनी हे केलं. आमच्या सात गिअरवालीने एका पोराची शाळेची सायकल बंद पाडली.

अगदीच बंद नाही म्हणा. रविवारी सकाळी तो दिसला मला, आजोबांच्या जुन्या २२ इंचीवर, दांडीखालून पाय घालून कैची मारत चाललेला. मागच्या कॅरिअरला दप्तर सुतळीने बांधलेलं. मी पण असाच शिकलो होतो.

निघताना त्याला विचारलं, दुसरी सायकल कसली आणू? दात झाकत हसला. "मडगार्डवाली आण मामा."