पैठणी काचेत की कपाटात?

जुन्या पैठण्या संग्रहालयाच्या दालनात मांडाव्यात, की कपाटातल्या अंधारात जपाव्यात? दोन्ही मतांच्या लोकांचा या वस्त्रावर जीव आहे, म्हणूनच निवाडा अवघड आहे.

जपणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. पैठणीचा पदर मागून-पुढून सारखाच विणलेला असतो. वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेला पदर उलटून पाहिला, तर भिंतीकडची बाजू टवटवीत आणि उजेडाकडची विटलेली दिसते. विटलेला रंग परत येत नाही, कारण प्रकाशाने रंगद्रव्याचे रेणूच मोडलेले असतात. त्यात सगळे रंग एका वेगाने उडत नाहीत. नीळ आणि मंजिष्ठा बऱ्यापैकी टिकतात. हळद मात्र लवकर जाते. म्हणून निळीवर हळद चढवून साधलेला हिरवा हळूहळू निळसर होतो, आणि वेलीची पाने विणकराने योजलेल्या रंगाची राहत नाहीत.

दुसरीकडे, कोणालाच न दिसणारी पैठणी जपायची कोणासाठी, हा सवालही रास्त आहे. येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराला जुन्या आसावलीची, जुन्या बांगडी-मोराची नक्षी नुसत्या फोटोवरून उमगत नाही. शिवाय अंधारातही वस्त्र सुरक्षित असतेच असे नाही. घडीवर जरीची तार तुटते, दमट हवेत बुरशी धरते, कसर लागते.

संग्रहालये कापडासाठी साधारण 50 लक्स उजेडाची मर्यादा पाळतात. रोज 8 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 1 लाख 20 हजार लक्स-तास होतात. कार्यालयातल्यासारखा 300 लक्सचा उजेड ठेवला, तर तेवढाच मारा 50 दिवसांत होतो. अर्थात मंद उजेडाने झीज थांबत नाही, फक्त लांबते. त्या उजेडात वयस्कर प्रेक्षकांना नक्षी नीट दिसत नाही, ही तक्रारही खरी आहे.

तरीही आमचा कल मांडण्याकडे आहे, पण पाळीपाळीने. एक पैठणी काही महिने मंद उजेडात दाखवावी, मग काही वर्षे आत ठेवावी. विणकरांना वेळ ठरवून ती उलगडून पाहू द्यावी. यामुळे लांबून आलेल्या एखाद्याला हवी ती पैठणी त्या दिवशी दिसणार नाही. हे नुकसान लहान नाही, पण पुढच्या फेरीत भरून निघणारे आहे. संग्रहालयांनी प्रत्येक वस्त्राच्या नोंदीत ते किती तास उजेडात राहिले हेही लिहायला आजपासूनच सुरुवात करावी.