पाचट आणि फलकावरील मजकूर

खोडवा राखताना पाचट जाळू नये, हा उपदेश आता नवा नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचटाची घटकेत राख होते, हेही सर्वांस ठाऊक आहे. तथापि पुष्कळ शेतकरी पाचट जाळतात असा खेद फलकांवरून व व्याख्यानांतून वारंवार केला जातो. आमच्या मते अपाय येथेच होतो. ऐकणारा मनात म्हणतो, सारेच जाळतात, मग मीच का थांबावे?

अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात अश्मीभूत लाकडांचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे प्राध्यापक रॉबर्ट चाल्डिनी यांनी खुणेचे तुकडे वाटेवर ठेवून फलकांची परीक्षा पाहिली व २००३ साली तिचे फल प्रसिद्ध केले. पूर्वीच्या अनेकांनी लाकूड नेले, असे सांगणाऱ्या फलकापाशी सुमारे ८ टक्के तुकडे चोरीस गेले. लाकूड नेऊ नये, एवढीच विनंती होती तेथे २ टक्क्यांहूनही कमी.

सबब जाळणाऱ्यांची गणती सांगणे सोडावे. सरीत पाचट ठेवणाऱ्या गावच्याच बागाईतदारांची नावे, त्यांच्या संमतीने, चावडीवर लावावीत. असे थोडेच असतील, तर गतसालापेक्षा किती वाढले ते लिहावे. मात्र आकडा खरा असावा. कोणाच्या शेतात काय चालले आहे, हे गावापासून लपत नसते.