प्रयोगाला सहावीपर्यंत थांबायचे कशासाठी?

सरकारी शाळांत पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने केली. स्वागतच आहे. परंतु ही योजना सहावी ते बारावीसाठी आहे. लखनौच्या आलमबागेत रेल्वेचे डबे दुरुस्त करणारा कारखाना आहे. त्याच्या सावलीत वाढणाऱ्या तिसरीतल्या मुलाला मात्र या योजनेत स्थान नाही. खेळणे उघडून पाहण्याच्या वयात त्याने गाळलेल्या जागाच भराव्यात काय?

साधने महाग, ही सबब खोटी आहे. १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण उपक्रमात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या. असा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण टिकतो. पुलाला तिरप्या पट्ट्या का असतात, हे मुलाची बोटेच त्याला सांगतात.

उणीव आहे ती वेळेची आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची. एका प्रयोगशाळेला २० लाख रुपये अनुदान मिळते. त्यातील काही वाटा परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा आणि आठवड्याला दोन तासिका प्रयोगांना द्या. पाच वर्षे प्रश्न दडपून सहावीत जिज्ञासा मागणे, ही शुद्ध आत्मवंचना आहे.