सामायिक इंग्रजी कोणाच्या मालकीची?

आंतरराष्ट्रीय व्यवहाराला इंग्रजी पुरेशी आहे, बाकीच्या भाषांचे लोढणे कशाला, असे म्हणणारे विमानवाहतुकीचा दाखला हमखास देतात. वैमानिक कुठलाही असो, तो नियंत्रकाशी इंग्रजीत बोलू शकतो आणि विमान सुखरूप उतरते. दाखला चोख आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. केएलएम या डच कंपनीचे जंबो विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅनॅम या अमेरिकी कंपनीचे त्याच धावपट्टीवर समोरून येत होते. केएलएमच्या डच कप्तानाने परवानगी नसताना विमान सोडले, ही मूळ चूक. पण ती पकडता आली असती. सहवैमानिकाने ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’ असे कळवले. विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे, असा अर्थ स्पॅनिश नियंत्रकाने घेतला आणि ‘ओके’ म्हटले. थांबण्याची त्याची पुढची सूचना आणि पॅनॅमचा इशारा रेडिओवर एकाच क्षणी आले आणि कर्कश आवाजात बुडाले. 583 माणसे गेली. सगळे इंग्रजीतच बोलत होते!

चरखी दादरीच्या आकाशात 12 नोव्हेंबर 1996 रोजी सौदी आणि कझाक विमाने एकमेकांवर आदळून 349 बळी गेले. नेमून दिलेली उंची सोडून कझाक विमान खाली आले होते. त्या वैमानिकांचे तोकडे इंग्रजी चौकशीत पुढे आले.

म्हणून इंग्रजी ही गुलामी, ती हाकलून द्या, हा दुसऱ्या टोकाचा युक्तिवादही मला मान्य नाही. अनोळखी देशावरून रात्री उडणाऱ्या माणसाला एक तरी समान भाषा लागतेच, आणि आज ती इंग्रजी आहे. फक्त ती शिस्तीने सुरक्षित होते, प्रतिष्ठेने नव्हे. टेनेरिफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असे ठरले. नुसते ‘ओके’ चालत नाही. सूचना पुन्हा म्हणून दाखवावी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने 2008 पासून वैमानिक आणि नियंत्रकांना किमान चौथ्या, म्हणजे कामापुरत्या पातळीचे भाषाकौशल्य लागू केले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनीही वाक्प्रचार टाळून सावकाश, स्पष्ट बोलावे, असे ही संघटना सांगते.

शिवाय ही संघटना स्थानिक भाषेला बंदी करत नाही. मागणी झाली तर इंग्रजी मिळालीच पाहिजे, एवढाच तिचा आग्रह. क्यूबेकमध्ये नियंत्रक फ्रेंचही बोलणार म्हणून कॅनडातल्या इंग्रजीभाषक वैमानिकांनी 1976 मध्ये सुरक्षिततेच्या नावाने संप केला. चौकशी आयोगाने 1979 मध्ये निर्वाळा दिला की दोन भाषांनी सुरक्षितता घटत नाही.

परदेशी बैठकांत बसणाऱ्या आपल्या मंडळींनी यातला हक्क ओळखावा. समोरचा लंडनचा असो वा न्यूयॉर्कचा, बोलणे कळले नाही तर मान डोलावू नका. ‘सावकाश बोला, पुन्हा सांगा’ असे स्पष्ट म्हणा. सामायिक भाषेत समजून घेण्याइतकीच समजावून देण्याची जबाबदारीही बंधनकारक असते, आणि ती त्याच्यावरही आहे.